साधन कोणाच्या अंगणात?
डहाणूच्या किनाऱ्यावरून विशेष शिक्षणाच्या साधनांचा मागोवा

धाकटी डहाणू हे नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस ‘मग थोरली कोणती?’ असे हमखास विचारतो. थोरली म्हणजे रेल्वे स्थानक, तहसील कचेरी, बाजारपेठ आणि चिकूच्या वाड्यांची डहाणू. धाकटी म्हणजे खाडीच्या अंगाचे मच्छीमारांचे गाव. किनाऱ्याला लागलेल्या होड्या, दुरुस्तीला पसरलेली डोलीची जाळी, बांबूच्या चौकटींवर वाळणारे बोंबील. इथल्या एखाद्या घरात ऐकू न येणारे, उशिरा बोलणारे किंवा चारचौघांच्या गतीने न शिकणारे मूल असले, तर त्याच्या आईला आज सांगितले जाते, ‘‘आता सगळे मोबाइलवर आहे.’’ सांगणारा खोटे बोलत नाही. सांकेतिक भाषेचा शब्दकोश, चित्रफिती, बोलकी पुस्तके, शिक्षकांसाठी अभ्यासक्रम, पालकांसाठी सूचना हे सारे खरोखरच आहे आणि बरेचसे विनामूल्य आहे.

तरीही त्या घरात ते पोचले का, हा प्रश्न उरतोच. तो मला इतिहासाचा प्रश्न वाटतो. तज्ज्ञाजवळचे ज्ञान दूरच्या घरापर्यंत न्यायची धडपड ऑनलाइन जगाने सुरू केलेली नाही. मासिक, टपालाने येणारे धडे, चित्रांचे पुस्तक, फिरता शिक्षक आणि आता मोबाइल अशी ती चालत आलेली आहे. दर वेळी वाहन सुधारले. वाहनातून आलेला माल घरात उतरवून कोण घेणार आणि तो त्या घराला कितपत लागू पडणार, हा प्रश्न मात्र दर वेळी मागे राहिला. या प्रश्नाचे एक कसदार उत्तर याच डहाणू तालुक्यात, बोर्डी आणि कोसबादला, सापडले होते. त्या उत्तराच्या मापाने आजची साधने मोजून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शहरातल्या चार भिंती

विशेष मुलांच्या शिक्षणाचे ज्ञान आपल्याकडे आले ते मुंबईत आणि तेही संस्थांच्या आवारात. भारतातली मूकबधिर मुलांची पहिली शाळा १८८० च्या दशकात माझगावला निघाली. अंध मुलांसाठी अमेरिकन मिशनने दादरची शाळा १९०० मध्ये काढली, आणि पाठोपाठ १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली. बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांचे शिक्षण होऊ शकते, हे मानायला आणखी चाळीस वर्षे लागली. १९४४ मध्ये जय वकील आणि त्यांचे पती यांनी आपल्या मुलीसाठी घरच्या बैठकीच्या खोलीत वर्ग सुरू केला. त्यातून आजची जय वकील शाळा उभी राहिली. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. तीही मुलीच्या निमित्ताने.

या शेवटच्या दोन उदाहरणांत एक धागा आहे. हे ज्ञान घरात, एका आईच्या गरजेतून जन्मले, मग संस्थेत गेले आणि तिथे वाढले. वाढल्यावर परत दुसऱ्या आईच्या घरी जाण्याचा रस्ता मात्र त्याला सहजी सापडला नाही. डहाणू रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटर आहे. रेल्वेमार्ग एकोणिसाव्या शतकापासून आहे, पण मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली २०१३ मध्ये. आठवड्यातून दोनदा मूल घेऊन मुंबईला उपचाराला जायचे, म्हणजे रोजगार बुडवून दोन दिवस प्रवासात घालवायचे. ज्यांना ते जमले त्यांची मुले शिकली. ज्यांना जमले नाही, त्यांची मुले ओटीवर बसून राहिली.

पॅरिस, रोम, भावनगर, बोर्डी

आता एका वेगळ्या वाटेने येऊ, कारण डहाणू तालुक्याचा या विषयाशी असलेला संबंध त्या वाटेवर आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

१८०० च्या सुमारास फ्रान्सच्या रानात सापडलेल्या एका अबोल मुलाला शिकवायचे काम झाँ इतार या डॉक्टराने हाती घेतले. इतार पॅरिसच्या बहिऱ्या मुलांच्या संस्थेत होता. शब्द निरुपयोगी ठरतात तिथे स्पर्श, चव, उष्ण-थंड, आकार यांच्या वाटेने मनापर्यंत जाता येते, असा त्याचा विचार. त्याचा शिष्य एदुआर सेगँ याने हा विचार पद्धतशीर केला. मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेल्या मुलांसाठी त्याने हाताळण्याची साधने बनवली आणि १८४६ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. अर्ध्या शतकानंतर रोममध्ये अशाच मुलांसोबत काम करणाऱ्या डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनी इतार आणि सेगँचे लेखन इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून काढले, ते नीट मनात मुरावे म्हणून. ही साधने ‘मंद’ मुलांना इतके शिकवतात, तर इतरांना का नाही, असा प्रश्न त्यांना पडला. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ज्याला आपण बालवाडीचे साहित्य म्हणतो, तो गुलाबी मनोरा, त्या दट्ट्यांच्या पेट्या, ती बंद-बुतामांची चौकट, त्यांचे मूळ विशेष शिक्षणात आहे. विशेष मुलांनी सर्व मुलांना दिलेली ही देणगी आहे. आपण ती घेतली आणि देणाऱ्याचे नाव विसरलो.

हा प्रवाह भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आला. तिथे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२५ मध्ये गुजराती ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३३ पासून ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत काढली. माझ्या विषयाच्या दृष्टीने हे मासिक महत्त्वाचे आहे. मुलाला मारू नका, धाक घालू नका, त्याचा हात धरून त्याचे काम तुम्ही करू नका, अशा गोष्टी तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर, पोस्टाने, थेट पालकांच्या हाती जाऊ लागल्या. शिक्षक आणि पालक दोघांनाही एकाच पानावर आणणारे हे मराठीतले पहिल्या पिढीचे साधन होते. मर्यादाही उघड होती. ते ज्याला वाचता येते त्याच्यापर्यंतच जाऊ शकत होते.

ही मर्यादा ताराबाईंना स्वतःला जाणवली असली पाहिजे. दादरला शिशुविहार उत्तम चालले असताना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी तलासरीच्या झरी गावात वारल्यांनी वेठबिगार नाकारण्याचा निर्धार केला होता. हा योगायोग असेल, पण तालुका कोणत्या अवस्थेत होता हे त्यावरून कळते. ताराबाईंसोबत पस्तिशीच्या अनुताई वाघ होत्या. काही दिवसांसाठी म्हणून आलेल्या अनुताई पुढे जन्मभर इथेच राहिल्या.

बालवाडी मुलाकडे जाते

बोर्डीत जे घडले ते सांगायला सोपे आणि करायला फार अवघड आहे. बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, गुरे कोण राखणार? मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडी मुलांकडे नेऊ, असे ठरले. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात मुले जमवली जाऊ लागली, ती आंगणवाडी. १९५७ मध्ये केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले आणि काम आदिवासी पाड्यांत पसरले. गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात शाळा गेली, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफून विकासवाडी उभी राहिली.

साधनांचेही तसेच झाले. माँटेसोरी साहित्य महाग, लाकडी, शहरी. कोसबादला त्याची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी, काड्यांनी, मातीच्या गोळ्यांनी घेतली. शिंपले लहान-मोठे लावायचे, चिंचोके मोजायचे, पानांच्या कडा बोटाने चाचपायच्या. तत्त्व सेगँचे, वस्तू डहाणूच्या. आणि बोली घरची. वारली घरातून आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठी ऐकवली तर ते गप्प बसते, हे तिथल्या बाईंना रोज दिसत होते.

या अनुभवातून तीन गोष्टी निघतात. साधन मुलाच्या अंगणापर्यंत गेले पाहिजे. ते त्या घरात असलेल्या वस्तूंतून बनले पाहिजे. आणि ते घरच्या बोलीत, ओळखीच्या माणसाच्या हातून मिळाले पाहिजे. यापुढे मी यालाच ‘कोसबादचे माप’ म्हणणार आहे. शब्द माझा, अनुभव त्यांचा.

सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. शब्द गेला तितक्या वेगाने त्यामागचा विचार गेला नाही. विशेष मुलाच्या बाबतीत तर मोठीच उलटापालट झाली. ज्या साहित्याचा उगम त्याच्यात होता, ते साहित्य ठेवलेल्या खोलीत त्यालाच जागा उरली नाही. ‘याला वेगळ्या शाळेत घाला’ हे वाक्य तिथे रुळले, आणि वेगळी शाळा जवळपास नव्हती.

टपालाने आलेली शाळा

जगात इतरत्र याच काळात दूरच्या घरांचा विचार सुरू झाला होता. लॉस एंजेलिसच्या लुईस ट्रेसी यांचा मुलगा जॉन जन्मतः बहिरा होता. त्याला घरी शिकवताना जमवलेल्या अनुभवावर त्यांनी १९४२ मध्ये जॉन ट्रेसी क्लिनिक स्थापन केले आणि लवकरच बहिऱ्या बालकांच्या पालकांसाठी पत्राने चालणारा विनामूल्य अभ्यासक्रम सुरू केला. धडा टपालाने यायचा, पालकाने तो करायचा, काय झाले ते लिहून कळवायचे, मग त्यावर उत्तर आणि पुढचा धडा. जगभरच्या पालकांनी तो घेतला. आजच्या ऑनलाइन साधनांचा हा खरा पूर्वज. त्याची ताकद धड्याइतकीच उत्तरात होती. पलीकडून कोणीतरी आपल्या मुलाविषयी लिहिलेले वाचत होते.

१९६९ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रामीण भागात पोर्टेज प्रकल्प सुरू झाला. मुलाच्या विकासाच्या पायऱ्या लहान लहान करून कार्डांवर मांडल्या होत्या. आठवड्यातून एकदा कार्यकर्ती घरी यायची, आईसोबत एक-दोन कौशल्ये निवडायची, करून दाखवायची आणि पुढच्या आठवड्यात परत यायची. भारतातही या पद्धतीवर काम झाले. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांत काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये खेड्यातल्या अपंग मुलांवर जाडजूड सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. झाडाच्या फांदीची कुबडी कशी करायची, जुन्या टायरची बैठक कशी शिवायची, हे त्यात रेखाटनांनी दाखवले होते. वर्नरना कोसबाद ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दोघेही एकाच ठिकाणी पोचले: साधन दुकानातून आणू नका, अंगणात शोधा.

कायदा आला, शिक्षक फिरू लागला

आपल्याकडे सर्वसाधारण शाळांत अपंग मुलांना सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ मध्ये आली. १९८३ मध्ये मुंबईत, वांद्र्याला, श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. १९९२ च्या कायद्याने विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला भारतीय पुनर्वास परिषदेची चौकट मिळाली, आणि १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने शिक्षणाचा हक्क कागदावर आला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला मिळालेला घरी शिकण्याचा पर्याय, आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा या पुढच्या पायऱ्या. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, २०१६ मध्ये ते एकवीस झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना तेव्हा या यादीत स्वतःचे नाव मिळाले. दरम्यान मूकबधिर, मतिमंद, अपंग हे शब्द मागे पडत गेले आणि दिव्यांग, विशेष गरजा असणारी बालके असे शब्द आले.

एक महत्त्वाची घटना तर आमच्याच भागातली. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मदोष, उणिवा, आजार आणि विकासातला विलंब वेळीच हेरायचा, हा त्याचा उद्देश. हेरणे ही निम्मी लढाई असते. उरलेली निम्मी हेरल्यानंतरच्या सकाळी सुरू होते. मुलाला ऐकू येत नाही हे कळले. आता आज, घरी, त्याच्याशी बोलायचे कसे?

इथे गट साधन केंद्राचा विशेष शिक्षक येतो. समावेशित शिक्षणाची सारी इमारत त्याच्या दुचाकीवर उभी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. डहाणू तालुक्याचा एक काठ समुद्राला आणि दुसरा डोंगराला लागतो. किनाऱ्यावर मांगेली बोली, पाड्यांवर वारली, बाजारात गुजराती आणि शाळेत प्रमाण मराठी. या सर्वांतून फिरणारा शिक्षक एका घरी महिन्यातून किती वेळा जाऊ शकेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पोर्टेजची बाई दर आठवड्याला येत होती, एवढेच लक्षात ठेवावे.

पडद्यावरची साधने

या तुटपुंज्या मनुष्यबळाला जोड म्हणून ऑनलाइन साधने आली आणि गेल्या दहा वर्षांत ती वेगाने वाढली. वाचनात अडचण असलेल्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ २०१६ मध्ये सुरू झाले. शिक्षकांसाठीचा ‘दीक्षा’ मंच २०१७ चा. भारतीय सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा चित्रफीत-कोश काढला, पुढच्या वर्षी तो सहा हजारांवर आणि २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला. पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार ऑक्टोबर २०२० मध्ये झाला. शाळेतच अपंगत्वाची प्राथमिक चाळणी करता यावी म्हणून २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ हे अॅप आले, आणि २०२४ मध्ये सांकेतिक भाषेला स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी मिळाली. महाराष्ट्रात जय वकील संस्थेने बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी केलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम शासनाच्या साथीने विशेष शाळांत गेला. १९४४ मध्ये एका बैठकीच्या खोलीत सुरू झालेली गोष्ट अशी संकेतस्थळापर्यंत आली.

सांकेतिक भाषेच्या कोशाचे मोल समजायला थोडे मागे जावे लागते. १८८० च्या मिलान परिषदेने बहिऱ्या मुलांना हातवाऱ्यांऐवजी तोंडी बोलणेच शिकवावे असा ठराव केला आणि जगभरच्या शाळा त्या वाटेने गेल्या. आपल्याकडेही खुणा करणाऱ्या मुलाच्या हातांना मज्जाव झाला. वर्गात हात बांधलेले आणि मधल्या सुट्टीत तेच हात भरभरून बोलणारे, अशी पिढ्यानुपिढ्या स्थिती होती. अली यावर जंग संस्थेत २००१ मध्ये सांकेतिक भाषेचा कक्ष निघाला, आणि देशाचे स्वतंत्र केंद्र २०१५ मध्ये आले. सव्वाशे वर्षांच्या मुस्कटदाबीनंतर दहा हजार खुणा कोणाच्याही हातात फुकट येणे ही लहान गोष्ट नाही.

आता कोसबादचे माप लावू.

किनाऱ्यावरच्या घरांत मी पाहिले आहे ते असे. घरात चांगला मोबाइल बहुधा एक असतो, आणि तो बोटीवर असतो. बाप समुद्रात असेल तितके दिवस साधनही समुद्रात. आई पहाटे बंदरावर मासे निवडायला जाते, मग विकायला, मग वाळवणाला. मुलाजवळ दिवसभर असते ती आजी. म्हणजे ‘पालकांसाठी’ असलेली चित्रफीत जिच्यासाठी बनायला हवी होती, ती आजी आहे. तिला प्रमाण मराठी कळते, पण ‘संवेदी एकात्मता’ कळत नाही. कळायचे कारणही नाही. साधनांत सुचवलेले रंगीत ठोकळे, फुगलेला मोठा चेंडू, आरसा लावलेली भिंत तिच्याजवळ नाहीत. शिंपले आहेत, जाळ्याचे बोये आहेत, दोऱ्यांच्या गाठी आहेत, ओली वाळू आहे. सेगँला यापेक्षा चांगली साधने मिळाली असती का, याची मला शंका आहे. पण ही साधने आहेत, असे त्या आजीला कोणी सांगितलेले नाही.

आणि बोली. बहुतेक बहिऱ्या मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. त्यामुळे अशा घरात मूल आणि माणसे मिळून स्वतःच्या खुणा घडवतात. एका मुलीची बोंबलाची खूण मला आठवते: मनगटातून सैल सोडलेला, लुळा पडलेला हात. पापलेटासाठी ताठ उघडा पंजा. बाबा म्हणजे दोर ओढण्याची क्रिया. या घरखुणांना शब्दकोशात जागा नाही आणि असायचीही नाही, कारण कोश देशाचा आहे. पण शिकवणाऱ्याने या खुणा पुसून टाकल्या तर तो वारली मुलाला पहिल्या दिवशी पुस्तकी मराठी ऐकवणाऱ्या मास्तराचीच चूक करील. घरखुणेवरून कोशातल्या खुणेकडे जायचे, हा रस्ता आहे. तो पडद्यावर आपोआप उमटत नाही. त्याला मुलीची खूणही माहीत असलेला आणि कोशही उघडता येणारा माणूस लागतो.

हा घाईचा विषय का आहे, हेही सांगितले पाहिजे. भाषा रुजण्याचे वय थांबून राहत नाही. पहिल्या चार-पाच वर्षांत मुलाला बोली असो वा खुणा, कोणतीच पुरी भाषा मिळाली नाही, तर पुढे ती भरून काढणे फार कठीण जाते, आणि भाषेसोबत विचार, हिशेब, मैत्री हेही अडते. साधन ‘उपलब्ध आहे’ आणि साधन ‘मिळाले’ यांच्यातले अंतर या मुलाच्या बाबतीत एका आयुष्याएवढे असते. मार्च २०२० नंतर शाळा बंद असताना हे अंतर सगळ्यांनाच दिसले. अभ्यास मोबाइलवर येत होता, चांगल्या हेतूने येत होता. ऐकू येणाऱ्या, वाचता येणाऱ्या मुलाने त्यातून काही तरी उचलले. ज्याला हाताला धरून शिकवावे लागते, त्याच्याकडे हातच पोचला नाही.

हात कोणाचा?

यावरून कोणी ऑनलाइन साधने व्यर्थ आहेत असा निष्कर्ष काढील तर ते चुकीचे होईल. ट्रेसीबाईंचा धडा टपालाने पोचायला जितके दिवस लागत, तितक्या क्षणांत आज चित्रफीत येते. वर्नरच्या पुस्तकातली फांदीची कुबडी आज हलत्या चित्रात दाखवता येते. जी गोष्ट तीस वर्षांपूर्वी वांद्र्याला गेल्याशिवाय कळत नव्हती, ती आज बोर्डीच्या शिक्षकाला रात्री घरी बसून कळते. शिक्षकापर्यंतचा रस्ता बऱ्यापैकी झाला आहे. शिक्षकापासून घरापर्यंतचा व्हायचा आहे, आणि तो तारांनी होणारा नाही.

त्यासाठी नवा माणूस शोधायचीही गरज नाही. गावात अंगणवाडी सेविका आहे. ती गावची बोली बोलते, कोणाच्या घरात कोण केव्हा असते हे तिला ठाऊक असते, आणि मूल तीन वर्षांचे व्हायच्या आधीपासून ती त्याचे वजन करते. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळखणे, अंगणवाडीत सामावून घेणे आणि गरजेनुसार पुढे पाठवणे अशी तिची रचना आहे. या घोषणेकडे मी इतिहासाच्या अंगाने पाहते. इतारच्या बहिऱ्या-अबोल मुलांपासून निघालेली साधने रोमला गेली, भावनगरला आली, बोर्डीत अंगणात उतरली, कोसबादला शिंपल्यांची झाली, सरकारी योजनेचे नाव बनून देशभर गेली. या सगळ्या प्रवासात ज्याला वगळले गेले, त्याला आत घ्या, असे आता अंगणवाडीला सांगितले जात आहे.

सांगणे आणि होणे यांत काय पडते, ते कोसबादने दाखवून ठेवले आहे. सेविकेच्या आजच्या नोंदवह्यांच्या ओझ्यावर आणखी एक रकाना वाढवून हे होणार नाही. तिच्या मोबाइलमध्ये, रेंज नसतानाही उघडतील अशा, मांगेली आणि वारलीतल्या पाच-पाच मिनिटांच्या चित्रफिती हव्यात. त्यांत ठोकळ्यांऐवजी बोये आणि शिंपले हवेत. त्या आजीला उद्देशून असाव्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर असतात आणि बाप घरी असतो. घरच्यांना शिकवायचा खरा हंगाम तोच, पण शाळेचे वेळापत्रक आखणाऱ्याला तो दिसत नाही. आणि ट्रेसीबाईंच्या टपालासारखे, पलीकडून उत्तर यायला हवे. सेविकेने विचारले की मुंबईच्या तज्ज्ञाने त्याच आठवड्यात सांगायचे. हे सारे करायला लागणारे तंत्र आजच हाताशी आहे. खर्चही इमारतींच्या मानाने किरकोळ आहे.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. दोघींनी मोबाइल पाहिला नाही. तो त्यांच्या हाती असता तर त्यांनी काय केले असते, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्यांनी तो घेऊन पाड्यावर जायचे ठरवले असते, मुलाच्या आजीशेजारी बसून चित्रफीत एकदा दाखवली असती, मग मोबाइल बाजूला ठेवून अंगणातले दहा शिंपले उचलले असते.